भोगवटादार : सोलापूरच्या गिरण्यांतील एका शब्दाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला, मग तो बार्शीकडच्या काळ्या रानातला असो की अक्कलकोटच्या माळावरचा, ‘भोगवटादार’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर त्याच्या वाडवडिलांची नावे ज्या शब्दाखाली पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली तो हा शब्द, आणि सारा भरण्याची, बांध राखण्याची व सरकारी तगाद्याला रुजू होण्याची जोखीम ज्याच्या शिरावर असते त्या माणसाची ही महसुली संज्ञा. कारखान्यांविषयीचे कायदे मराठीत आले तेव्हा, कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण चालते आणि म्हणून तेथे राबणाऱ्या माणसांच्या जिवाबद्दल ज्याने सरकारला उत्तर द्यावयाचे अशा व्यक्तीसाठी, हाच शेतीवाडीतला शब्द उचलण्यात आला. ‘भोग’ या संस्कृत धातुज शब्दाला फारसीतला ‘दार’ येऊन मिळाला आहे, आणि मराठीत भोग म्हणजे सुखाचा उपभोग तसेच दैवाने वाट्याला आलेले दुःखही. गिरणीचा उपभोग एकाने घ्यावा आणि गिरणीचे भोग दुसऱ्याने भोगावेत, ही सोलापुरातील शंभर वर्षांची स्थिती होती, व त्या दोघांना एकाच दस्तऐवजात समोरासमोर उभे करण्याची कायद्याची जी दीर्घ आणि वारंवार अडखळलेली धडपड, तिचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे. ‘जबाबदार’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्यापाशी जबाब आहे तो; सोलापूरच्या गिरण्यांत असा जबाब नेमका कोणापाशी होता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोचला, आणि त्यानंतर सतरा वर्षांनी, १८७७ साली, ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ची वाफेवर चालणारी गिरणी येथे सुरू झाली, पुढे शहरात आणखी गिरण्या उभ्या राहिल्यावर लोकांनी तिला ‘जुनी गिरणी’ म्हणण्यास प्रारंभ केला व तेच नाव कायम झाले. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण दक्षिणेतील तो महादुष्काळ १८७६ च्या पावसाने दगा दिल्यापासून सुरू होऊन १८७८ पर्यंत लांबला होता, आणि ज्याचे बैल मेले, विहीर आटली व सावकाराचे खाते मात्र आटले नाही अशा कुणब्याला त्या काळात रोख रोजगाराचे काय मोल वाटले असेल हे सांगावयास नको. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर शहराच्या पूर्व भागात हातमाग चालवीत होतेच. शतकाच्या अखेरीस लक्ष्मी गिरणी व नरसिंगगिरजी गिरणी, नव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू गिरणी व जाम गिरणी अशी भर पडत गेली, आणि घड्याळाऐवजी भोंग्यावर उठणारे शहर म्हणून सोलापूर ओळखले जाऊ लागले.

जुन्या गिरणीचे सूत्रचालक होते मुंबईचे भाटिया व्यापारी शेठ मोरारजी गोकुळदास. सोलापुरातील मुरारजी पेठ आजही त्यांचे नाव धारण करून आहे. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. गिरणी कंपनीच्या मालकीची, कंपनी भागधारकांची, भागधारकांनी निवडलेले संचालक मंडळ कागदोपत्री सर्वाधिकारी, आणि प्रत्यक्षात सारा कारभार एका एजंट पेढीच्या हाती, अशी ती चौपदरी रचना होती. मॅनेजिंग एजंट म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत मुंबईच्या गिरण्यांतून सर्वत्र रूढ झाली होती, आणि तेथील अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन नफ्यावर नसून तयार झालेल्या मालावर, दर पौंडास पाव आणा अशा हिशोबाने, ठरलेले असे. ज्याची कमाई मालाच्या वजनावर अवलंबून आहे तो यंत्र थांबवून साफ करण्यापेक्षा चालू ठेवून साफ करण्याकडे झुकणार, यासाठी त्याला दुष्ट मानण्याचे कारण नाही. व्यवस्थाच त्याला तिकडे ढकलीत होती.

आता त्या यंत्राविषयी. विजेच्या स्वतंत्र मोटारी येण्यापूर्वी गिरणीतील सर्व गती एका वाफेच्या इंजिनातून निघे. तेथून जाड दोरांनी ती छताखालून जाणाऱ्या लांबच लांब लोखंडी दांड्याला मिळे, आणि त्या दांड्यावरील चक्रांवरून उतरणारे चामडी पट्टे खालची यंत्रे फिरवीत. म्हणजे एका खात्यात उभा असलेला मनुष्य शेकडो हलत्या पट्ट्यांच्या रानात उभा असे, आणि त्याच्या अंगावर धोतर, तर सूत गुंडाळणाऱ्या खात्यातील स्त्रीच्या अंगावर पदराचे लुगडे. पट्टा निसटला की तो फिरत्या चक्रावर पुन्हा चढविण्यासाठी इंजिन थांबविले जात नसे, कारण एक इंजिन थांबणे म्हणजे सगळी गिरणी थांबणे; हाताच्या एका झटक्याने तो चढवावा लागे, आणि तो झटका चुकला तर चक्र हाताला सोडीत नसे. मागावरून वेगाने ये-जा करणारा धोटा वाट चुकून उसळला तर शेजारच्या विणकराच्या डोळ्याचा वेध घेई. नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक धोट्याच्या छिद्राबाहेर आणण्यासाठी त्या छिद्राला ओठ लावून श्वासासरशी सूत ओढण्याची रीत होती. एकच धोटा पाळीपाळीने अनेकांच्या ओठांस लागे, आणि ज्या वस्तीत क्षयाचे रोगी घरोघर खोकत होते तेथे या रीतीने काय वाटले जात असेल याची कल्पना करवत नाही.

तरीही पट्टा आणि धोटा हे उघड शत्रू. कापूस फोडून पिंजणाऱ्या खात्यातील शत्रू डोळ्यांना दिसत असूनही ओळखू येत नव्हता. गाठी फुटल्या की कापसाच्या पानांचे, बोंडांच्या सालींचे व तंतूंचे पिठासारखे बारीक कण हवेत तरंगत राहतात. ते वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेले म्हणजे छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि या व्याधीचे चमत्कारिक लक्षण असे की सुटीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी तिचा जोर सर्वांत अधिक. विश्रांतीनंतर मनुष्य ताजातवाना व्हावा हा सर्वसाधारण अनुभव. या खात्यातील मजुराला मात्र सुटीनंतरचा पहिला दिवसच सर्वांत जड जाई, आणि मुकादमास ती आळसाची खूण वाटे. वैद्यकशास्त्राने या रोगास ‘बिसिनोसिस’ असे नाव दिले आहे व पुढे कारखान्यांच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याची नोंद झाली, म्हणजे तो आढळल्यास व्यवस्थापकाने सरकारला कळविलेच पाहिजे असे ठरले. कामगारांच्या पिढ्या ‘छाती भरून येते’ एवढेच म्हणत, आणि त्या दुखण्याला गिरणीशी जोडणारा कोणताही कागद त्यांच्या हाती नसे.

हिंदुस्थानातील कारखान्यांची पहिली सरकारी चौकशी १८७५ साली मुंबईत झाली, आणि समितीतील बहुमत कायद्याच्या विरुद्ध गेले. सोराबजी शापूरजी बंगाली या परोपकारी पारशी गृहस्थांनी १८७८ साली स्वतः एक मसुदा तयार केला, आणि अखेरीस १८८१ साली पहिला कायदा मंजूर झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांना महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, व धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे, एवढाच त्याचा आवाका. आणि तोही शंभर किंवा अधिक माणसे राबत असतील अशाच कारखान्यांपुरता. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक अक्षर नव्हते. या कायद्याला आमच्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी विरोध केला, कारण त्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर आहे असे त्यांना दिसत होते. तो मत्सर होता हे खरे; पण मत्सराच्या हाताने आलेले कुंपणसुद्धा मुलाचे बोट वाचवू शकते, हे त्यांनी पाहावयास हवे होते असे मला आज वाटते. त्या काळी हे पाहिले ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून त्यांनी सुटी, विश्रांती व दुखापतीची भरपाई यांची मागणी सरकारपुढे मांडली, आणि ‘दीनबंधु’ पत्रातून तिचा पाठपुरावा केला.

जिल्ह्यात या कायद्याची अंमलबजावणी कोणी करावयाची, तर जिल्हादंडाधिकाऱ्याने, म्हणजे जमाबंदी, दुष्काळ, कोर्ट-कचेरी आणि दौरा यांतून उरलेल्या वेळात. ज्या अधिकाऱ्याला शेतातील भोगवटादार नावानिशी माहीत होता, त्याला गिरणीतला भोगवटादार कोण हे पाहण्याची ना सवड होती ना तांत्रिक ज्ञान.

१८९१ चा कायदा आला आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाला बारा तासांवर आणले. १९२२ ने आठवड्याचे साठ तास केले. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, जो पुढल्या वर्षी जुलैपासून अंमलात आला, एक निराळेच तत्त्व आणले: अपघातात कोणाची चूक हे मजुराने सिद्ध करण्याची गरज उरली नाही, कामातून व कामाच्या ओघात इजा झाली एवढे पुरेसे झाले. मनुष्यदेहाचा हिशोब टक्क्यांत मांडणारी एक अनुसूची त्याला जोडलेली होती. पुढे त्या अनुसूचीप्रमाणे अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीचा ऱ्हास तीस टक्के, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर चाळीस टक्के धरला जाई. ही भरपाई अत्यंत आवश्यक होती, आणि तिने हजारो कुटुंबांना आधार दिला, परंतु ती कंपनीच्या तिजोरीतून जात होती; विम्याच्या हप्त्याप्रमाणे ती उत्पादनखर्चात मिसळून जाई, आणि पट्ट्याभोवती जाळी बसविण्याचा खर्च व हात गेल्याची भरपाई यांची तुलना मुनीम एकाच वहीत करू शके. मग पैशाने न फिटणारे काही देणे या व्यवहारात आहे की नाही, असा प्रश्न उरतोच.

सोलापूरच्या इतिहासात याच सुमारास जे घडले ते सर्वविश्रुत आहे. मे १९३० मध्ये शहर काही दिवस इंग्रजांच्या हातून निसटले, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कामगारांत काम करणारे कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आले. चौकातील त्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना एक विचार मनातून हलत नाही: त्या धामधुमीत झालेल्या दोन पोलिसांच्या मृत्यूबद्दल जबाबदार म्हणून चार माणसे निवडून त्यांना वधस्तंभावर नेण्यास त्या राज्ययंत्रणेला आठ महिने पुरले, गिरणीत मेलेल्या माणसाबद्दल संचालक मंडळातील एका व्यक्तीला निश्चितपणे जबाबदार धरणारे कलम लिहिण्यास, १८८१ पासून मोजले तर, १०६ वर्षे लागली.

याचे कारण कंपनी या वस्तूच्या स्वभावात आहे. कंपनीला नाव आहे, शिक्का आहे, मालमत्ता आहे, पण देह नाही; तिला दंड होऊ शकतो, कारावास होऊ शकत नाही. म्हणून कायद्याला तिच्याऐवजी एक देहधारी मनुष्य शोधावा लागतो. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालानंतर, ज्या आयोगात आमचे कामगारनेते ना. म. जोशी सभासद होते, १९३४ चा कायदा झाला. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण तो भोगवटादार, आणि कारभार मॅनेजिंग एजंटाकडे सोपविलेला असेल तर तो एजंटच भोगवटादार समजावा, असे त्यात म्हटले होते. हे पाऊल योग्य दिशेने होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना कामगारविषयक कायद्यांना जी गती आली तिच्यातून १९४६ साली आठवड्याचे ४८ तास निश्चित झाले; आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम मंजूर होऊन १ एप्रिल १९४९ पासून अंमलात आला.

या अधिनियमाने यंत्रांचे कुंपण, चालू यंत्रावर काम करणाऱ्याने घट्ट बसणारे कपडे घालणे, कापूस फोडण्याच्या यंत्राजवळ स्त्रिया व मुलांना कामास मज्जाव, धूळ ओढून घेण्याची व्यवस्था, आगीच्या वेळी सुटकेची साधने, असा तपशील बारकाईने भरला आणि त्याच्या उल्लंघनाबद्दल भोगवटादार व व्यवस्थापक या दोघांस प्रत्येकी तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. मात्र कलम १०१ ने एक दार उघडे ठेवले: आपण यथायोग्य दक्षता बाळगली होती व खरा अपराधी दुसराच आहे, आणि त्याने आपल्या नकळत हे केले, असे सिद्ध करून भोगवटादार त्या दुसऱ्याला न्यायालयापुढे उभा करू शके. न्यायाच्या दृष्टीने हे दार असणे अगदीच अयुक्त म्हणता येणार नाही. पण गिरणीच्या उतरंडीत त्याचा उतार कोणत्या बाजूस आहे हे पाहा. संचालकाने व्यवस्थापकाला सांगितलेले असते, व्यवस्थापकाने खातेप्रमुखाला, खातेप्रमुखाने जॉबरला, आणि जॉबरने, जो मजुराला कामावर घेतो व काढतो, मजुराला. वरून खाली येणारा शब्द तोंडी असतो व खालून वर जाणारा कागद लेखी, आणि जाळी काढून ठेवणारा हात शेवटी त्याच मजुराचा असतो ज्याला ठरलेले वार भरावयाचे असतात.

अधिनियम अंमलात येऊन पाच महिने होतात न होतात तोच, २७ ऑगस्ट १९४९ रोजी, जुनी गिरणी बंद पडली. हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. आणि जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताक जाहीर होण्यास दोन-अडीच आठवडे उरले असताना, केंद्र सरकारने या एकाच कंपनीसाठी एक वटहुकूम काढला. पुढे त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. गैरव्यवस्था व हयगय यांमुळे एका आवश्यक वस्तूच्या उत्पादनास बाध आला आहे आणि समाजाच्या एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, असे त्याच्या उद्देशिकेत सांगून जुन्या संचालकांना व मॅनेजिंग एजंटाला दूर करण्यात आले, सरकारनियुक्त संचालक आले, आणि भागधारकांचे संचालक निवडण्याचे हक्क स्थगित झाले. एका गिरणीच्या संचालकांनी काय केले अथवा काय केले नाही हे देशाच्या कायद्यात नावानिशी लिहिले जावे, असा प्रसंग सोलापूरने देशाला दाखविला.

चरणजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात या कायद्यास आव्हान दिले, आणि डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने ते फेटाळले गेले. एकाच कंपनीला वेगळे काढून केलेला कायदा समानतेच्या हक्काचा भंग करतो काय, या प्रश्नावर ते निकालपत्र आजही विधिशिक्षणात वाचले जाते. पण नव्या संचालकांनी अधिमान भागधारकांकडे दर भागामागे पन्नास रुपयांची मागणी केली तेव्हा द्वारकादास श्रीनिवास यांनी पुन्हा दाद मागितली, मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, आणि डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले: नुकसानभरपाई न देता कंपनीला तिच्या मालमत्तेपासून वंचित करणारा म्हणून तो कायदा रद्दबातल ठरला. या निकालाचे पडसाद १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीत उमटले, व सार्वजनिक हितासाठी मालमत्तेचे व्यवस्थापन मर्यादित काळ हाती घेण्यास घटनेत आधार निर्माण झाला. सोलापूरच्या एका गिरणीने देशाची राज्यघटना बदलावयास लावली, ही गोष्ट सोलापूरकरांना अभिमानाची वाटावी की खेदाची हे ठरविणे कठीण आहे. मला मात्र या साऱ्या युक्तिवादांच्या राशीत एक उणीव सतत खटकत आली. भागधारकाचा मतदानाचा हक्क ही मालमत्ता आहे काय, पन्नास रुपयांची मागणी म्हणजे अपहार काय, यांवर देशातील श्रेष्ठ बुद्धी खर्ची पडली. बंद दारापाशी उभ्या असलेल्या मजुराचे श्रम हा उद्देशिकेतील एका वाक्याचा विषय राहिला, आणि त्याच्या छातीत साठलेला कापूस कोणाच्याच वादाचा विषय झाला नाही. गिरणी मरते तेव्हा संचालकांना जाब विचारता येतो, हे सोलापूरने १९५० सालीच दाखविले होते. गिरणीत माणूस मरतो तेव्हा तो तितक्याच निश्चयाने विचारता यावा, यासाठी अधिक भयंकर प्रसंग यावा लागला.

तो प्रसंग म्हणजे भोपाळ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथे विषारी वायूने हजारोंचे बळी घेतले, आणि त्यानंतर वर्षभराने दिल्लीतील एका रासायनिक कारखान्यातून झालेल्या वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये निरपवाद दायित्वाचा सिद्धांत घालून दिला: घातक उद्योग चालविणाऱ्याने त्यातून उद्भवलेल्या हानीबद्दल कोणतीही सबब न सांगता भरपाई केली पाहिजे. १९८७ साली कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. मॅनेजिंग एजंट ही संस्था १९७० सालीच कायद्याने संपुष्टात आली होती. आता कंपनीच्या बाबतीत तिच्या संचालकांपैकी कोणी एक भोगवटादार समजला जाईल, असे स्वच्छ शब्दांत लिहिले गेले. नव्या कलम ७-अ ने कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता व कल्याण यांची काळजी घेणे हे भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य ठरविले, आणि आरोग्यसुरक्षेचे आपले धोरण लेखी मांडून ते कामगारांस कळविण्याची जोखीमही त्याच्यावर टाकली. कैदेची मर्यादा दोन वर्षांवर व दंडाची एक लाख रुपयांवर गेली. सुरक्षिततेच्या तरतुदी मोडल्याने मृत्यू ओढवला तर दंड पंचवीस हजारांहून कमी नसावा असेही ठरले.

कंपन्यांनी यातून वाट काढण्याचा यत्न केलाच. संचालक मंडळाने ठराव करून एखाद्या वरिष्ठ नोकराला भोगवटादार नेमले तर काय हरकत, असा त्यांचा युक्तिवाद होता, जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. भोगवटादार संचालकच असला पाहिजे, आणि मंडळाने कोणाचे नाव दिले नाही तर निरीक्षक कोणत्याही संचालकाविरुद्ध कारवाई करू शकतो, असा तो निर्णय. ज्याच्या सहीने जाळी विकत घेण्याचे पैसे मंजूर होतात त्याचेच नाव निरीक्षकाच्या फिर्यादीत यावे, हे तत्त्व येथे प्रथमच निःसंदिग्धपणे प्रस्थापित झाले.

परंतु सोलापुरास याचा लाभ व्हावयाचा तर येथे गिरण्या असावयास हव्या होत्या. जुनी गिरणी केव्हाच इतिहासजमा झाली होती. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूची धुराडी थंडावली आणि पुढे नरसिंगगिरजीचीही पाळी आली. कायद्याला अखेर संचालक सापडला त्या वेळी संचालक मंडळ असलेले काम शहरातून नाहीसे होत होते, आणि जे काम उरले ते पूर्व भागातल्या लहानलहान शेडांत व हजारो घरांच्या ओसऱ्यांवर विखुरले होते. चादर व टॉवेल यांसाठी जगभर ओळखले जाणारे सोलापूर हे या शेडांचे सोलापूर आहे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले तरच १९४८ चा अधिनियम आपोआप लागू होई. त्याहून लहान जागांना तो लावण्याचा अधिकार कलम ८५ ने राज्य सरकारला दिलेला होता, पण मुळातच दहा हा आकडा मालकाच्या हिशोबात असा भिनला की एका छपराखालचे माग दोन-तीन नावांवर वाटणे ही रीत झाली. यंत्रमागाच्या शेडमधील आवाजात शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर खुणांनी बोलावे लागते. आणि मागवाला कोण, तर पुष्कळदा एके काळी स्वतः गिरणीत राबलेल्या विणकराचाच मुलगा, जो पहिल्या पाळीत मालक असतो आणि कामगार आला नाही तर तिसऱ्या पाळीत स्वतः माग चालवितो.

विडीच्या धंद्यात तर भोगवटादार शोधणे त्याहून दुष्कर. सोलापुरात हजारो स्त्रिया, त्यांत तेलुगू घरांतील पुष्कळ, मांडीवर सूप घेऊन तेंदूपत्त्याचे तुकडे कापतात, तंबाखू भरतात व धाग्याने बांधतात. दर हजारी मजुरी, आणि कारखान्यात विड्या घालताना ‘छाट’ म्हणून काही बाजूला काढल्या जातात त्यांचे श्रम फुकट. तंबाखूची भुकटी त्यांच्या श्वासात, बोटांत व पाळण्यातील मुलाच्या अंगावर असते, पण पाळणा जेथे आहे ती जागा कारखाना नव्हे. मालक व सट्टेदार, म्हणजे मधला कंत्राटदार, यांच्या व्यवहारात विड्या वळणाऱ्याचे स्थान काय, यावर १९५८ साली मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती माणसे कारखाने अधिनियमाखालील कामगार नव्हेत असा निर्णय दिला, आणि पुढे नागपूरच्या एका प्रकरणात, कारखान्यात येऊन विड्या वळणारे कामगारच होत असा. या गुंत्यातून १९६६ चा विडी व सिगार कामगार अधिनियम जन्मास आला. त्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीला कायद्याच्या कक्षेत आणले, आणि मधला कंत्राटदार कोणीही असो, मुख्य मालकापर्यंत दोरी नेली. कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती त्यांच्या संघटनेच्या दीर्घ लढ्याचे फळ. परंतु त्या घरांतही सूप आणि तंबाखू आहेतच.

संसदेने २०२० साली जुने कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची संहिता केली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. संचालक म्हणजेच भोगवटादार हे तत्त्व तिने राखले, स्वतंत्र संचालकांना मात्र वगळले. कर्तव्यच्युतीमुळे मृत्यू आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातील निदान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देवविण्याचा अधिकार न्यायालयास दिला. हे उत्तम झाले. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येत दहाच्या जागी वीस हा आकडा आला, आणि पूर्व भागातील किती शेडे त्या एका आकड्याने कारखान्यांच्या रांगेतून बाहेर पडली असतील याचा अंदाज सोलापूरचा कोणताही मागवाला बसल्या जागी करू शकेल.

१८ मे २०२५ रोजी, रविवारी पहाटे, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यास आग लागली. सुटी कापडे, सूत व धागे यांनी भरलेली जागा. बंबांना ती आटोक्यात आणण्यास तासन्‌तास झुंजावे लागले. आठ माणसे गेली. त्यांत तेथेच राहणारे कामगार होते, आणि त्यांत कारखान्याचे वयोवृद्ध मालक व त्यांच्या घरची माणसेही होती, कारण तेही त्याच आवारात राहत होते. कायद्याने शंभराहून अधिक वर्षे मुंबईच्या पेढीत, संचालकांच्या सभागृहात, ठरावांच्या नोंदवहीत ज्या भोगवटादाराचा शोध घेतला, तो येथे कामगारांच्या भिंतीला भिंत लावून झोपला होता, आणि बाहेर पडण्याची वाट दोघांचीही एकच होती.